मनूचा नकार

प्राण वाचवणे हे पुण्यकर्म होय, याविषयी कोणाचे दुमत असू नये. परंतु वाचवणारा हात ज्याच्या अंगावर पडतो, त्याला तो किती जड झाला हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. आणि तो जीव सात वर्षांचा असेल, तर त्याला काही विचारायचे असते हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. ताप उतरला की वैद्याचे समाधान होते. घरचे देवापुढे नारळ ठेवतात. देह घरी आला म्हणजे मनही त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून आले असणार, असे सारे धरून चालतात. घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पितृपक्षाच्या त्या दिवसांत असेच धरून चालले होते.

"ललिता, ये गो जरा. चेडू हात लावूक देणा नाय."

ललिता सिस्टर सकाळची पाळी संपवून नुकत्या जिना चढून आल्या होत्या. पर्स अजून खांद्यावरच होती. हाक आली ती तीन दारे पलीकडून, लक्ष्मीकाकींच्या खोलीतून. त्या तशाच वळल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत मनू बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले, फ्रॉक घोट्यांपर्यंत ओढलेला, पायांत शाळेचे पांढरे मोजे. ऑक्टोबरच्या उकाड्यात चाळीतली पोरे उघडीवाघडी फिरत होती आणि ही मुलगी मोजे काढायला तयार नव्हती. तिच्यापुढे आजी, म्हणजे लक्ष्मीकाकी, कोमट खोबरेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. मनूची आई सीमा ओट्यापाशी पोळी तव्यावर टाकून मागे वळून पाहत होती. पोळी करपत होती, तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"डॉक्टर म्हणतत पायाक काय झाला नाय," काकी म्हणाल्या. "मग चालना कित्याक नाय? जोर नाय पायांत. रोज चोळूक होया. ये बाय, जरासा लावतंय हां."

असे म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि नातीचा घोटा धरला. मायेनेच धरला, पण धरला.

"सोड. सोड ना. नको धरू, सोड ना."

आवाज मोठा नव्हता. किंचाळणे तर नव्हतेच. पायरीपायरीने खाली उतरत जाणारा, शेवटी निव्वळ श्वास उरणारा तो स्वर होता. ललिता सिस्टरांचा हात चौकटीवर गेला. हाच स्वर, हेच शब्द, याच क्रमाने त्यांनी पूर्वी ऐकले होते. फक्त तेव्हा त्यांच्या आधी एक संबोधन होते. 'बाबा, सोड ना.'

"काकी, तेल ठेवा खाली," त्या म्हणाल्या.

"मालिश नाय केली तर जोर कसो येतलो?"

"ठेवा म्हणते ना. आज नको."

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा हा आवाज कित्येक घाबरलेल्या नातेवाइकांनी ऐकला होता आणि प्रत्येकाने मानला होता. काकींनीही वाटी बाजूला सरकवली.

ललिता सिस्टरांचे आयुष्य सांगण्यासारखे म्हणाल तर फार थोडके. परळच्या एका म्युनिसिपल रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात त्या परिचारिका. येत्या मार्चअखेर निवृत्ती. पती गंगाधरपंत गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत असत, ते चार वर्षांपूर्वी घरी बसले. एक मुलगी, ती नाशिकला नांदते. मानमरातब असा कधी वाट्याला आला नाही. मात्र एक विद्या त्यांच्या बोटांत होती. दहा दिवसांच्या अर्भकाचीही नस त्यांना पहिल्या खेपेला सापडे. नवे डॉक्टर दोन-तीनदा टोचून थकले की वॉर्डभर एकच शब्द फिरे, "ललिता सिस्टरना बोलवा." त्या येत, मुलाच्या कपाळावर हात ठेवत, "अजिबात दुखणार नाही हं राजा" असे म्हणत आणि त्याच श्वासात सुई आत गेलेली असे. हे वाक्य त्यांनी किती सहस्र वेळा उच्चारले असेल, याची गणती त्यांनाही सांगता आली नसती. त्यात काही असत्य आहे, असे त्यांना कधी वाटलेही नव्हते. मंत्राचा अर्थ कोण पाहतो?

मनूला श्रावणात मेंदूज्वर झाला. दोन दिवस ताप, उलट्या, आणि तिसऱ्या दिवशी मान वळेना. तिचा बाप सुशांत परळच्या उंच इमारतींतल्या लिफ्टांची दुरुस्ती करतो. तो कामावरून धावत आला आणि मुलीला उचलून टॅक्सीत बसला. एकोणीस दिवस ती रुग्णालयात होती, त्यांतले सहा अतिदक्षता विभागात. चाळ तेव्हा म्हणत होती, "आपली सिस्टर आहे तिथे, पोरीचं वाईट व्हायचं नाही." आणि झालेही नाही. अनंत चतुर्दशीच्या चार दिवस आधी मनू घरी आली. डोळे, कान, हातपाय, सारे तपासून डॉक्टरांनी उत्तम म्हणून सांगितले.

उत्तम असलेली ती मुलगी मग पाय पसरून झोपेनाशी झाली. पोटाशी पाय घेऊन, चादरीत त्यांची गाठोडी बांधून ती पडे आणि कोणी चादर नीट करायला गेले तरी दचकून उठे. शाळेचे नाव काढले की पोटात दुखे. बापाने जवळ बसावे तर ती आईच्या पलीकडे सरके. शेजारणी म्हणाल्या, "लाड झाले आजारपणात, हट्टी झाली." एकीने उतारा सुचवला. आणि ललिता सिस्टर? त्यांनी नाडी पाहून सांगितले होते, "अशक्तपणा आहे. जाईल महिन्याभरात." त्यांचे निदान चाळीत कोणी तपासून पाहत नसे.

आज मात्र त्यांना स्वतःलाच ते तपासावेसे वाटले. त्या मनूपासून चार हात दूर, जमिनीवर बसल्या.

"सीमा, गुरुवारी मुलांच्या मनाची ओपीडी असते आमच्याकडे. हिला घेऊन ये. मी असेन."

"मनाची म्हणजे?" सीमाचा चेहरा उतरला. "मावशी, वेडीबिडी झाली का हो ती?"

"वेड नाही गं. पाय मोडला तर हाडवाल्याकडे नेतेस ना? तसंच."

"लोक काय म्हणतील पण?"

"लोकांना सांग ललिता सिस्टरने बोलावलंय."

गुरुवारी सीमा आणि लक्ष्मीकाकी मनूला घेऊन आल्या. सुशांतला रजा मिळाली नाही, असे सीमा म्हणाली. मग थोडे थांबून, "त्याने मागितलीच नसेल," असेही म्हणाली. हल्ली तो जादा पाळ्या घेई आणि मनू झोपल्यावरच घरी येई.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर मेघना म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी मनूला जवळ बोलावले नाही की हात लावला नाही. खडूंचा डबा आणि मातीचे गोळे तिच्यापुढे सरकवले आणि मोठ्यांशी बोलू लागल्या. असे पुष्कळ मुलांचे होते, त्या म्हणाल्या. जीवघेणा आजार, नळ्या, अनोळखी माणसे, रात्रंदिवस जळणारे दिवे. शरीर बरे होते तेव्हा मन अजून तिथेच, त्या खाटेवर असते. झोप उडते, शाळा नकोशी होते, मूल चिडते किंवा मुके होते. समजून घेतले तर बहुतेक मुले हळूहळू परततात. काहींना अधिक मदत लागते, तीही देता येते. हट्ट मात्र तो नव्हे.

"तपासण्या, सुया, हे सगळं करायच्या आधी तिला कोणी सांगत होतं का, काय करणार आहोत ते?"

सीमाने काकींकडे पाहिले. काकी म्हणाल्या, "पोरगी तापान फणफणत होती बाय. तिका काय समाजतला?"

"आणि पाठीतलं पाणी काढलं दोनदा. तेव्हा जवळ कोण होतं?"

"आम्हाला बाहेर काढायचे," सीमा म्हणाली. "मी जिन्यात बसून असायचे."

ललिता सिस्टर खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. उत्तर त्यांना ठाऊक होते. ते ओठांवर आले आणि तिथेच थांबले. आपल्याच रुग्णालयात, मुलीच्या वयाच्या डॉक्टरसमोर, ज्या चाळीने आपल्याला डोक्यावर घेतले तिच्या दोन बायकांदेखत ते उच्चारणे त्यांना जमले नाही.

"बरं, आता एकच विचारते," डॉक्टर मेघना म्हणाल्या. "ती नको म्हणते, तेव्हा तुम्ही काय करता?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. तो कोणाला कधी पडलाच नव्हता म्हणून.

"लहान पोरांच्या नकोक काय अर्थ आसता?" काकी अखेर म्हणाल्या. "नको म्हणाला म्हणून औषध द्यायचा नाय?"

"औषध द्यायचंच, आजी. पण जे नको म्हटल्यावर थांबवता येतं, ते तरी थांबवा. तेल, फणी, पापा घेणं. तिचं नको चालतं हे तिला कळू दे. दवाखान्यात ते एकदाही चाललं नाही ना."

मातीचा गोळा तळहातावर वळता वळता मनूचे बोट थांबले होते. ते ललिता सिस्टरांनी पाहिले.

त्या संध्याकाळी गंगाधरपंतांनी ताटातली आमटी चाखली आणि चमचा खाली ठेवला.

"आज मीठ दोनदा पडलंय. म्हणजे काहीतरी मोठं असणार."

"खायचं तर खा."

"खातो की. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा होतंय. पहिल्यांदा झालं तेव्हा तू मॅट्रनशी भांडून आली होतीस."

ललिताबाईंनी आमटीचे पातेले बाजूला सारले. मग त्यांनी सारे सांगितले. दुसऱ्यांदा पाठीतले पाणी काढायचे होते तो दुपारी दोनचा सुमार, पाळी बदलण्याची वेळ. वॉर्डातल्या आयामावशी दुसऱ्या मुलाला एक्स-रेला घेऊन गेल्या होत्या, वॉर्डबॉय जागेवर नव्हता, डॉक्टर हातमोजे घालून तयार. सुई पाठीत असताना मूल हलले तर अनर्थ. खांदे आणि मान त्या स्वतः धरणार होत्या. पाय धरायला कोणी हवे होते. बाहेर बाकावर सुशांत बसला होता. आपले माणूस जवळ असलेले पोरीला बरे वाटेल, असा विचार करून त्यांनीच त्याला आत घेतले. कसे धरायचे ते दाखवले. एक हात गुडघ्यांमागे, दुसरा घोट्यांवर. 'घट्ट धर. काही झालं तरी सोडू नकोस. दुखत नाही तिला, ती तापात आहे.' सुशांतने तंतोतंत तसेच केले. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

"ती म्हणत होती, बाबा सोड ना. सारखी. मला वाटलं तापातली बडबड."

"मग आज डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"नाही."

गंगाधरपंतांनी खारट आमटी भातावर ओतून घेतली. त्यांचे उभे आयुष्य इतरांच्या चुका शोधण्यात गेले होते, त्यामुळे चुकीचे त्यांना भय नसे.

"पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर आम्ही काय करायचो ठाऊक आहे? पुस्तकं जाळत नसू. एक लहानसं शुद्धिपत्र छापून पहिल्या पानाला चिकटवायचो. वाचणारा ते वाचतो, मान हलवतो आणि पुढे जातो."

"मी चुकले असं नाही. पाय धरायलाच हवे होते."

"अगं, मग धरल्याचं शुद्धिपत्र नको काढूस. नाही सांगितल्याचं काढ."

दुसऱ्या दिवशी सुशांत पाळीवर निघाला, तेव्हा ललिता सिस्टरांनी त्याला गॅलरीतच गाठले. हत्यारांची पिशवी खांद्याला, हातात हेल्मेट. चौतिशीचा, दणकट अंगाचा हा गडी. त्याच्या बारशाच्या वेळी पेढे वाटत लक्ष्मीकाकी सगळ्या चाळीत फिरल्या होत्या, असे जुनी माणसे सांगत.

"सुशांत, मनूच्या पायांना काय झालंय, मला कळलंय."

त्याने पिशवी कठड्यावर टेकवली.

"त्या दिवशी मी तुला पाय धरायला लावले. तिला आधी सांगितलं नाही, आणि तुला खोटंच सांगितलं की दुखत नाही. चूक माझी आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मावशी, मला माहितीय," तो म्हणाला. त्याची नजर खाली चौकात होती. "पहिल्या दिवसापासून माहितीय. घरी आणली त्या रात्री मी तिच्या पायावर चादर टाकायला गेलो ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? पाय धरले त्याचं काय नाय हो. धरायलाच पायजे होते, तेवढं समजतं मला. पण ती बाबा बाबा करत होती आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने बघितलं ते. डोळे उघडे होते तिचे." त्याने हेल्मेटची पट्टी उगीचच लावली आणि सोडली. "पंचवीस माळे वर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळतो मी, भीती नाय वाटत. आणि स्वतःच्या पोरीच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाय झाली. आता कुठल्या तोंडाने जवळ जाऊ?"

"त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार आहेस?"

तो हसला नाही, पण त्याचे खांदे किंचित खाली आले. त्या संध्याकाळी तो जादा पाळी न घेता घरी आला.

मनूशी बोलणे हे या सर्वांहून कठीण होते. सिस्टर रविवारी सकाळी गेल्या. गणवेश नव्हे, घरातली सुती साडी नेसून. त्या पुन्हा चार हात दूर बसल्या. सीमा मोरीत कपडे भिजवत होती. मनू पाटीवर रेघोट्या ओढत होती.

"मनू, मी तुझ्याशी खोटं बोलले होते."

रेघोटी थांबली. "कधी?"

"पाठीत सुई टोचली तेव्हा. मी म्हणाले, दुखणार नाही."

"मला माहितीय. खूप दुखलं."

"हो. दुखतंच ते. आणि बाबाने पाय धरले, ते मी सांगितलं म्हणून. तो आपणहून आला नव्हता."

मनूने यावर बराच विचार केला. "का सांगितलं?"

"सुई आत असताना तू हलली असतीस तर फार वाईट झालं असतं. म्हणून."

"मला सांगायचं ना मग. मी नसते हलले. आम्ही स्टॅच्यू खेळतो ना, मी सगळ्यांत जास्त वेळ राहते. मनालीपेक्षा पण."

एकशे चार ताप, ताठलेली मान, अर्धवट शुद्ध. ती हलली असती, याविषयी ललिता सिस्टरांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. पण एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांनी जाणतेपणा बाजूला ठेवला.

"मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी कधीच कोणाला विचारलं नाही. माझं चुकलं, मनू."

मनूने पाटी पुसली. मोठे माणूस आपल्यापुढे असे बसून चूक कबूल करते आहे, याचे काय करायचे ते तिला ठाऊक नसावे. थोड्या वेळाने तिने विचारले, "आता परत जायचंय का तिकडे?"

"एकदा जायचंय. ऐकू नीट येतं का, ते परत बघायला. त्याला सुई नसते. आणि कधी सुई असली तर मी आधी सांगेन."

"खरं?"

"दुखेल, असं सांगेन."

ती मुलगी त्यावर प्रथमच जरा हसल्यासारखी झाली.

पुढल्या आठवड्यात वॉर्डातल्या तरुण परिचारिकांनी एक नवल पाहिले. न्यूमोनियाच्या एका मुलीला सलाइन लावायचे होते. ललिता सिस्टर खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं दुखणार आहे. पाच म्हणेपर्यंत. कुठला हात देतेस?" मुलगी रडली, पण रडत रडत तिने डावा हात पुढे केला. नस पहिल्या खेपेलाच सापडली. "सिस्टर, रिटायर व्हायच्या वेळेला स्टाइल बदलली तुम्ही," एकजण म्हणाली. "हात तोच आहे गं," त्या म्हणाल्या, "तोंड बदललंय."

इकडे घरात 'विचारू का' हा शब्द शिकण्याचा अभ्यास चालला होता. सीमाला तो लवकर आला. सुशांतला येत होता, पण प्रत्येकदा परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटे. लक्ष्मीकाकींना मात्र तो काही केल्या वळेना. "माझ्या नातीक हात लावूक मी अर्ज करू?" त्या कुरकुरत. तरी तेलाची वाटी त्यांनी फडताळावर ठेवली ती ठेवलीच. मनू आता दुपारी मोजे घालून का होईना गॅलरीच्या टोकापर्यंत जाई. मध्यंतरी एकदा ती तासभर बापाशेजारी बसली; दोघांच्या मध्ये एक उशी होती.

नवरात्र आले. लक्ष्मीकाकींच्या घरी अष्टमीला कुमारिकापूजन असे. त्यांच्या सासूने वेंगुर्ल्याहून मुंबईला येताना आणलेली ती रीत. चाळीतल्या नऊ मुली पाटांवर बसवायच्या, पाय धुवायचे, कुंकू लावायचे, पुऱ्या आणि शिरा वाढायचा. चार वर्षांची झाल्यापासून मनू त्या नऊ जणींत बसे. यंदा काय करायचे, याची घरात चर्चा झाली. सीमा म्हणाली बसवूच नये. काकींच्या डोळ्यांत पाणी आले. देवीने परत दिलेले पोर, तिचे पाय धुवायचे नाहीत तर कोणाचे? शेवटी मनूलाच विचारण्यात आले. तिने फक्त एवढेच विचारले, "पाट माझा कुठला?"

अष्टमीच्या सकाळी गॅलरीत नऊ पाट मांडले गेले. सुशांतने रजा घेतली होती. पाणी घालण्याचे काम त्याने मागून घेतले. गंगाधरपंत खुर्ची घेऊन दारात बसले. ललिता सिस्टरांना दुपारची पाळी होती. त्या पुऱ्या लाटून हात पुसत बाहेर आल्या आणि मनूच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुली कलकलत होत्या. ताम्हणात पाय ठेवताना मनाली गुदगुल्यांनी हसली आणि शेजारच्या दोघी तिच्या हसण्याला हसल्या.

सुशांत चौथ्या पाटापाशी आला. मनू बसली होती, मांडी घालून, पाय परकराखाली. परकर नवा होता. त्याच्या काठाखालून मोज्याची पांढरी कड दिसत होती. त्याने तांब्या खाली ठेवला.

"मनू, पाय धुऊ?"

गॅलरीतला कलकलाट कोणी न सांगता थांबला.

"नाही," मनू म्हणाली.

लक्ष्मीकाकी पुढे झाल्या. "असा म्हणू नये बाय. देवीन पाय मागे घेऊचे नसतत. जरासा पाणी..." त्यांचा हात परकराच्या काठाकडे गेला.

"आई." सुशांतचा आवाज चढला नाही. "नाही म्हणाली ती."

काकींचा हात तिथेच, हवेत राहिला. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग सिस्टरांकडे. हा क्षण आपल्या हाताचा नव्हे, हे सिस्टरांना उमगले होते. एकतीस वर्षे ज्या हातांना थांबणे ठाऊक नव्हते, ते त्यांनी पदराखाली एकमेकांत घट्ट अडकवून धरले. काकींनी दीर्घ श्वास घेतला आणि आपला हात मागे घेतला. कुंकवाचे बोट मात्र कपाळाशी नेताना त्यांनी वाटेत थांबवले आणि, सत्तर वर्षांत पहिल्यांदाच, म्हणाल्या, "हा लावू गो?"

मनूने मान डोलावली. कुंकू लागले.

सुशांत अजून तिथेच उकिडवा बसला होता. तो लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याचे ओठ आत ओढले गेले होते. तोंड फिरवण्यास भिंत तर अगदी जवळ होती. त्याने ते फिरवले नाही. मनूही त्याच्याकडे पाहत राहिली, पुष्कळ वेळ, जणू काही मोजमाप घेत असावी.

"परत विचारणार?" तिने विचारले.

"नाय. तुला वाटलं तर तूच सांग."

"नाय वाटलं तर?"

"तर नाय."

तो उठला, तांब्या उचलला आणि पाचव्या पाटाकडे गेला. पूजा पुढे सरकली. मुलींचा गलका पुन्हा सुरू झाला. नवव्या पाटाची मुलगी सगळ्यांत लहान. तिने ताम्हणात पाय आपटून सुशांतला भिजवले, तेव्हा सगळी गॅलरी हसली. मग पुऱ्या वाढल्या गेल्या, शिऱ्याच्या दुसऱ्या वाढीवरून दोघी भांडल्या.

ललिता सिस्टरांना पाळीला जायचे होते. घड्याळ पाहून त्या निघणार, तोच त्यांना दिसले. मनू पुरीचा तुकडा शिऱ्यात बुडवत होती, मनालीला काहीतरी सांगत होती, आणि बोलण्याच्या भरात तिची मांडी सुटली होती. दोन्ही पाय परकराबाहेर येऊन गॅलरीच्या फरशीवर सरळ पसरले होते. मोजे पायांत होते. पायांसमोरून सीमा ताटे नेत होती, शेजारून पोरे धावत होती, आणि ते पाय तसेच निवांत, किंचित डावीकडे झुकलेले, इतर सोळा पायांच्या रांगेत पडून होते.

सिस्टरांनी सुशांतकडे पाहिले. त्यानेही ते पाहिले होते. ओला तांब्या हातात घेऊन तो दारापाशी थांबला होता. कोणी कोणाला खूण केली नाही. काही नाजूक गोष्टी नुसत्या बोट दाखवल्यानेही मिटतात, हे दोघांनाही कळत होते.

त्या जिना उतरू लागल्या. उतरता उतरता त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते कोणी ऐकले नाही. ज्यांनी धरले त्यांच्या हातांना बळ राहो आणि थांबण्याची बुद्धीही राहो. ज्यांना धरले गेले, त्यांना आपापल्या वेळी, आपापल्या पायांनी परत येता येवो. त्यांची वाट पाहत बसलेल्या घरांना धीर मिळो.

खाली रस्त्यावर ऊन होते. परळकडे जाणारी बस आली आणि ललिता सिस्टर तीत चढल्या.